जमायची जागा

खालची गल्ली,
२९ जुलै

सौ. रचना हिस,

इथं अनेक आशीर्वाद लिहायची रीत आहे. ती जागा आज कोरी सोडतो.

डबा परत पाठवला आहे. उघडलेला नाही, दूधवाली गुणाबाई साक्षीला आहे. आत भाकरी आणि दोडका होता हे वासावरून कळलं, तेवढं पुरे. यशोदावहिनीच्या चुलीवर शिजलेलं माझ्या घशाखाली उतरत नाही हे तुला ठाऊक असताना पाठवलंस, म्हणजे एक तर विसरलीस किंवा मुद्दाम केलंस. तू विसरणारी बाई नाहीस.

दोन गल्ल्या वर माझ्या भावाच्या, भरमूच्या घरी राहायला गेलेल्या बायकोला नवऱ्यानं पत्र लिहावं, याला गाव हसेल. हसू दे. समोर आलो तर मी ओरडणार आणि तू गप्प बसणार. तुझ्या गप्प बसण्यापुढं माझं काही चालत नाही. कागदावर मी सावकाश असतो, आणि कागद मध्येच उठून स्वयंपाकघरात जात नाही.

पुराच्या दिवशी काय झालं ते क्रमानं लिहितो, कारण भरमूच्या ओट्यावर त्याची वेगळीच गोष्ट तयार झाली असणार.

दुपारी मी नदीवर होतो. वेदगंगेचं पाणी वर चढायला लागलं की काठावरच्या पाणी उपसायच्या मोटारी ओढून काढायला लोक मलाच बोलावतात. बुडालेली मोटार नंतर माझ्याकडंच वाइंडिंगला येते, म्हणजे ती बुडाली तर धंदा माझाच. तरीही मी जातो. शेजारच्या नागोजीची मोटार चेनब्लॉकच्या साखळीवर अर्धी वर आली होती. तेवढ्यात पंचायतीचा भोंगा वाजला. आधी कन्नडमध्ये, मग मराठीत. भिवशीचा पूल पाण्याखाली, खालच्या गल्लीनं घरं सोडावीत.

मी घरी आलो तेव्हा पाणी दुसऱ्या पायरीवर होतं. दाराला नुसती कडी. आत कोणी नाही. माळ्यावर पुराच्या सामानाचा निळा ड्रम जागच्या जागी, झाकणाची पत्र्याची पट्टी आवळलेली. मला वाटलं, बरोबर आहे. आईचे गुडघे दुखतात, हिनं ड्रम सोडला आणि माणसं नेली. माणूस आधी, ड्रम मागून, हे मीच शिकवलं आहे. मनातल्या मनात तुला शाबासकी दिली. ती आता परत घेतो.

ड्रमला दोर बांधून तो कमरेला लावला आणि तरंगत ओढत माळावरच्या शाळेत नेला. हवाबंद ड्रम तरंगतो. मी सांगायचो तेव्हा पोरं हसायची. शाळेत अर्धी गल्ली जमली होती. सगळ्या खोल्या पाहिल्या, मुतारीमागं पाहिलं, स्वयंपाकाच्या शेडमध्ये पाहिलं. तुम्ही नव्हता.

मी परत पाण्यात गेलो.

तेव्हा ते छातीपर्यंत होतं. लाल आणि थंड, आणि कुणाच्या तरी गंजीच्या कडब्यानं भरलेलं. घरासमोर उभा राहून शिट्टी वाजवली. लांब तीन, ठरल्याप्रमाणं. मग आत गेलो. मागच्या खोलीपर्यंत गेलो. परत बाहेर आलो, परत शिट्टी. शेवटी नागोजी आपल्या गच्चीवरून ओरडला. कोंबड्यांची खुराडी मांडून बसला होता वर. "अरं कुणाला शिट्ट्या मारतोयस मगाधरनं? तुझी माणसं भरमूच्यात हायत की! चा पिताना बघितली मी!"

चहा.

मी पाण्यात उभा होतो आणि शिट्टी तोंडातच होती. ती काढायची सुद्धा आठवण राहिली नाही.

एक निरोप नाही, दारावर खडूनं एक अक्षर नाही. जमायची जागा शाळा, हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

घरातला गाळ मी काढला आहे. भिंतीला पाण्याची रेघ खिडकीच्या चौकटीपर्यंत आहे, ती मुद्दाम पुसली नाही. उद्या सकाळी आईला आणि पोरांना घेऊन ये. आल्यावर कारण सांग. त्याशिवाय चूल पेटवू नकोस.

नागेंद्र

३१ जुलै

सौ. रचना हिस,

तू आली नाहीस. उत्तरही लिहिलं नाहीस. दुधाच्या किटलीबरोबर उत्तर आलं ते गुणाबाईच्या तोंडून. तिनं पदर खोचून, हात कमरेवर ठेवून, तुझीच नक्कल करत सांगितलं, "फोन केलता म्हणावं. कितींदा केलता ते त्यास्नीच इचार." आणि वर स्वतःचं जोडलं, "नागेंद्रा, पावण्यासारखा भांडू नकोस रं. बायकू हाय तुझी, कंपनीची मोटार न्हवं, कागद लिवून तक्रार करायला."

फोनचं सांगतो. सकाळपासून वीज नव्हती, तुझा फोन बंद पडला असणार, हे मला मान्य. म्हणून तू भरमूच्या फोनवरून केलास. माझ्या फोनात तो नंबर कुठल्या नावानं आहे हे तूच एकदा वाचून हसली होतीस. 'उचलू नये' असं नाव आहे त्याचं. पाच वर्षं आहे. आता तूच सांग, जो फोन मी उचलणार नाही हे तुला पक्कं माहीत आहे, तो करणं म्हणजे मला कळवणं झालं का? गंजलेल्या कुलपात किल्ली फिरवायची आणि म्हणायचं, मी दार उघडत होते.

तो वाजला, नाही असं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला होता. मी मागच्या खोलीत होतो, एका हातात शिट्टी. दुसऱ्या हातानं तो बंद केला. परत वाजला, परत बंद केला. मला वाटलं, माझी माणसं मी पाण्यात शोधतोय आणि या माणसाला आत्ताच काय सुचतंय. आता यावर वरच्या गल्लीत खुशाल हसा.

पण मी मागच्या खोलीत का गेलो होतो, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगतो.

एकोणीसच्या पुरात भरमू ट्रॅक्टर घेऊन आला आणि आईला ट्रॉलीत घालून घेऊन गेला. तू पोरांना घेऊन माहेरी उचगावला होतीस. मी नदीवर होतो. त्यानं कुणाला सांगितलं नाही. मी आलो तेव्हा घरात गळ्याएवढं पाणी आणि उजेड नाही. आई मागच्या खोलीत खाटेवर असते. खाट उलटी तरंगत होती. मी श्वास धरून खाली गेलो आणि हातानं चाचपू लागलो. काहीतरी मऊ हाताला लागलं. लुगड्याचं कापड, आत जडपणा. ते मी छातीशी धरून वर ओढलं.

आईची वाकळ होती ती. भिजून माणसाएवढी जड झालेली.

ती वाकळ आहे हे कळायला जो वेळ गेला, त्याबद्दल मला लिहिता येत नाही. नंतर भरमूच्या दारात गेलो, तर आई आत शेकत बसलेली. मी काय काय बोललो ते सगळ्या गावानं ऐकलं. तो काय म्हणाला तेही ऐकलं: "माझ्या आईला न्यायला तुझी परवानगी लागती काय रं?" त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. लोकांना वाटतं, वाटणीवरून. वाटणीवरून नव्हे.

त्या वाकळेपोटी हा ड्रम झाला. जमायची जागा तिच्यापोटीच झाली. पूर कितीही येऊ दे, कोण कुठं आहे हे मला माहीत असावं, एवढंच मला हवं होतं. आणि तू मला परत त्याच खोलीत पाठवलंस. परत मी खाटेखाली हात घातला, रचना. या खेपेला वाकळही नव्हती.

डबा उघडला नाही.

नागेंद्र

३ ऑगस्ट

रचना,

पेटीचं कळलं.

गुणाबाईच्या जिभेला हाड नाही, हे देवाचे उपकार. सकाळी दूध ओतता ओतता म्हणाली, "तिकडं काय कमी हाय रचनाला? पेटीत समदं हाय की. तीन सालं भरून ठिवलीया." मी विचारलं, कसली पेटी? तिनं जीभ चावली, किटलीचं झाकण लावलं, आणि चालायला लागली. मी पाठीमागं लिंबाच्या झाडापर्यंत गेलो. तेव्हा म्हणाली, "यशोदाच्या लग्नातली लोखंडी पेटी रं. पुराची. तुजा जसा डरम, तशी हिची पेटी. आमाला वाटलं तुला ठावं हाय."

म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. नागोजीला ठाऊक होतं, म्हणून तो इतका निवांत ओरडला. शाळेत बायका माझ्याकडं बघून पदराआड का हसत होत्या तेही आता कळलं.

तर ऐक. ड्रम असाच झालेला नाही. पुराच्या तयारीचं पत्रक पंचायतीत कन्नडमध्ये आलं होतं. ते लोकांनी भजी बांधायला नेलं. मी एक प्रत आणली. माझी शाळा सातवीपर्यंत, तीही मराठी. कन्नड मी स्टार्टरच्या डब्यांवरची अक्षरं लावत लावत शिकलो. पावसाळ्याआधी ओळ ओळ करून ते पत्रक मराठीत उतरवलं आणि आपल्या घराला काय लागेल ते माझ्या डोक्यानं त्यात घातलं. ड्रम मच्छे गावच्या एका कारखान्यातून आणला, सात पाण्यांनी धुतला, झाकणाच्या कडेला वाइंडिंगचं वार्निश लावलं. काड्यापेटीच्या काड्या मेणात बुडवल्या. जमिनीचे उतारे आणि आधारकार्डं जाड प्लास्टिकमध्ये घालून कडा इस्त्रीनं चिकटवल्या. टॉर्चचे सेल उलटे घालून ठेवले, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी उतरणार नाहीत. असं कुठल्या पत्रकात लिहिलेलं नसतं. दर मृगाला सगळं बाहेर काढून, औषधांच्या तारखा बघून, चिवडा आणि गूळ बदलून परत बंद करायचो.

आणि जुना चिवडा? तो पोरं खातात असं तू सांगायचीस. आज सौरवला दुकानात बोलावून विचारलं. खाली मान घालून म्हणाला, "बाबा, चिवड्याला वार्निशचा वास मारायचा. आई गाईला घालायची. पेटीतला लाडू खायचो आम्ही." पेटीतला लाडू. माझ्या ड्रमच्या तारखा बदलल्या की दुसऱ्या दिवशी तुम्ही वर जाऊन पेटीच्या तारखा बदलत होता. माझ्याच मृगाला.

शिट्टीचं सगळ्यात जास्त लागलं. मी अंगणात शिट्टी वाजवायचो. प्रियदर्शनी आईचा हात धरून, सौरव दप्तर घेऊन, तू पदर खोचून, सगळे पळत यायचा. आई पुटपुटायची, "मला सरणावर ठिवल्यावर बी शिट्टी वाजीव, उठून येती." मी घड्याळ बघून सांगायचो, मागच्यापेक्षा लवकर आलात. तुम्ही माना हलवायचा. माझ्या माणसांना मी तयार केलंय असं मला वाटायचं. मी जत्रेतल्या दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखा शिट्टी वाजवत होतो आणि तुम्ही मला खेळवत होता. सौरव अकरा वर्षांचा आहे. त्यालासुद्धा तू बापाशी खोटं पळायला शिकवलंस.

मिश्रीवरून हे सगळं झालं असेल तर तेही सांगून टाक. ड्रममध्ये तंबाखूला जागा नाही असं मी म्हटलं होतं आणि अजून म्हणतो. निपाणीच्या वाऱ्यालाच तंबाखूचा वास आहे, म्हणून माझ्या ड्रमलाही तो असावा असं नाही. आईनं चार दिवस दात मिश्रीविना घासले तर आभाळ कोसळत नाही.

आज डबा उघडला. गुणाबाई दारातून हलेचना म्हणून. आमटीत मीठ कमी होतं. तुझ्या हाताला असं होत नाही. वहिनीनं केली असणार.

पेटी मला बघायची आहे.

नागेंद्र

६ ऑगस्ट

रचना,

पेटी आली. गुणाबाईच्या नातवाच्या सायकलवर, सुतळीनं बांधून. बरोबर आई आली, काठी टेकत, चिखलातून, कुणाचा हात न धरता. तू पाठवलीस की ती आपण होऊन आली, ते तिनं सांगितलं नाही.

आली ती दुकानातल्या स्टुलावर बसली. कंबरेची डबी काढली, मिश्रीत बोट बुडवलं आणि माझ्याकडं बघत बघत निवांत दात घासायला लागली. मी तांब्याची तार गुंडाळत होतो. माझा मोजून चाललेला वेढा चुकला. परत सोडवला.

"आई, घरी चल," मी म्हटलं.

"कशाला? शिट्टी ऐकायला?"

"तू तरी मला सांगायचं होतंस."

"काय सांगायचं हुतं?"

"पेटीचं."

तिनं बाहेर जाऊन चूळ भरली, परत येऊन बसली. पुढं ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहितो, कारण माझ्या शब्दांत मला ते लिहिता येत नाही.

"नागू, एकवीस साली आपुन शाळेत हुतो. आठवतंय? तुजा डरम बी हुता. समद्या गावाला तू उघडून दावलास. तवा तिथं पोरीला पैल्यांदा पाळी आली. बारा वर्साची पोर. चार खोल्यांत समदं गाव, बाप्ये दारात, दिवा न्हाय. पोर भिताडाला टेकून बसली ती उठंना. मला सांगंना, आईला सांगंना. रचनाला कळलं तवा तिनं तुज्या डरमात हात घातला. येळंला काय गावलं तिला? शिट्टी गावली. दोर गावला. कागुद गावलं. एक फडकं न्हवतं त्यात, नागू. मग यशोदा आली वरनं, त्या पावसात, डोक्यावर घोंगडं घिऊन. न इचारता आली. आपलं धुतलेलं लुगडं फाडलं तिनं. पोरीला घोंगड्यात घिऊन वर गेली."

मी विचारलं, मी कुठं होतो तेव्हा?

"तू वऱ्हांड्यात हुतास. लोकास्नी गाठी शिकवत हुतास."

होतो. मला आठवतं. एका हातानं सोडवता येणारी गाठ. लोकांना फार आवडली होती.

"मला का नाही सांगितलं?"

"आता तुला कुणी आन् कसं सांगायचं रं? तू इचारलंस की डरमात काय कमी हाय, तर आमी सांगणार. तू कवा इचारलंस? तू दावायचास."

आई गेल्यावर दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पेटी उघडली.

आधी दोष सांगतो. झाकण बिजागरीपाशी बसत नाही. डावीकडं बोट जाईल एवढी फट आहे. तळाला गंज आहे. दोर नाही. शिट्टी नाही. पाणी एका बाटलीत, ते माणसांना एक दिवसही पुरणार नाही. कागद एकही नाही. उद्या घर वाहून गेलं तर जमीन आपली आहे हे लाडू दाखवून सिद्ध करणार काय?

बाकीचं असं. डिंकाचे लाडू, त्यांना कसलाही वास नाही. आईची मिश्री, पितळी डबीत. देव्हाऱ्यातल्या टाकांना गुंडाळायला लाल फडकं, तेही धुतलेलं. पत्त्यांचा कॅट. सौरवला अंधारात झोप येत नाही म्हणून मेणबत्त्या, ते मला माहीत नव्हतं. माझ्या पुढ्यात तो कधी दिवा मागत नाही. एका कापडी पिशवीत बायकांचं सामान होतं. पिशवीवर प्रियदर्शनीनं दोऱ्यानं फूल काढलं आहे. ती मी उघडून लगेच बंद केली आणि होती तशी ठेवली.

आणि सगळ्यात खाली, कागदात गुंडाळून, चष्मा. माझा. वाचायचा, जाड काड्यांचा, गेल्या साली नंबर बदलला तेव्हा नव्या नंबराचा. सोबत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, चालू तारखेच्या. माझा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, ज्याची कॉलर तू उलटवून शिवलीस तो. तो हरवला म्हणून मी दिवाळीत तुझ्यावर ओरडलो होतो.

ड्रममध्ये माझा चष्मा नव्हता, रचना. तिन्ही पुरांत मी चष्म्याशिवायच होतो. शाळेत औषधाच्या तारखा मी दुसऱ्यांकडून वाचून घेत होतो आणि त्यांना सांगत होतो की अंधार आहे म्हणून.

पण हे सगळं बघूनही माझं म्हणणं तेच आहे, आणि ते तू ऐकलं पाहिजेस. तू मला धरून पेटी भरलीस, आणि मला सोडून ती बंद केलीस. चष्मा ठेवलास, पण चष्मा कुठं ठेवलाय हे सांगितलं नाहीस. पूर येईल, हा गडी शाळेत एकटा बसेल, मग कधीतरी नाक मुठीत धरून भरमूच्या दारात येईल आणि आपण त्याच्यापुढं शर्ट टाकू, असंच ना? तीन वर्षं तू माझ्या शिट्टीला पळत आलीस. त्यातल्या एका तरी दिवशी पळत येऊन म्हणायचं होतंस, अहो, ड्रममध्ये हे नाही. मी ओरडलो असतो. ओरडून झाल्यावर घातलं असतं. तू मला एवढंही ओळखलं नाहीस, की ओळखून सोडून दिलंस, हे मला कळत नाही. यातलं जास्त कुठलं लागतं तेही कळत नाही.

डबा रिकामा करून, घासून पाठवला आहे. मीठ बरोबर होतं.

नागेंद्र

८ ऑगस्ट
उद्या पंचमी

रचना,

पत्र घाईनं लिहितोय. धरणाचे दरवाजे उघडल्याचं कोल्हापूरच्या बातम्यांत सकाळीच सांगितलं. भोंगा आत्ता वाजला. पाणी अजून नदीच्या पात्रात आहे, पण रंग बदललाय. रंग बदलला की ते दिवसभरात गल्लीत येतं. नागोजीची मोटार या खेपेला आधीच काढून ठेवली.

पेटीचं काम केलं आहे. बिजागरी सरळ केली. झाकणाच्या कडेनं मोटारीच्या गास्केटचं रबर कापून बसवलं, पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलंय, वार्निश अजिबात नाही. तळाचा गंज घासून रंग मारला. आत एक दोर, एक शिट्टी आणि उताऱ्यांच्या नकला घातल्या आहेत. बाकी कशाला हात लावलेला नाही. रात्रभर बाहेर पन्हाळीखाली ठेवून बघितली, आत थेंब नाही. मात्र ती तरंगणार नाही. लोखंड आहे. त्याला माझा इलाज नाही.

ड्रममध्ये आता एक कापडी पिशवी आहे. त्यात काय घालायचं ते मला नीट माहीत नव्हतं. निपाणीच्या दुकानात जाऊन काउंटरवरच्या बाईला विचारलं, मागं चार लोक उभे असताना. तिनं विचारलं, कुणाला पाहिजे? मी म्हटलं, पुराला. ती बघतच राहिली. पोरीनं एकदा तपासून घ्यावं, चुकलं असेल तर बदलून आणीन. मिश्रीची एक डबीही घातली आहे. त्याबद्दल आईनं एक शब्दही बोलू नये.

हे सगळं केलं म्हणजे मी विसरलो असं समजू नकोस. ज्या घरानं मला तीन वर्षं खेळवलं त्या घराला विचारायचे प्रश्न माझ्याकडं अजून आहेत. पाणी उतरल्यावर विचारीन. तू गप्प बसायचं नाही, मी ओरडायचं नाही, असं करता आलं तर बघू.

मी शाळेकडं निघालो होतो. ड्रमला दोर बांधला, खांद्यावर पेटी घेतली. मग उंबऱ्यात उभा राहिलो आणि लक्षात आलं की जमायची जागा म्हणजे जिथं माणसं जमतात ती. शाळेत मी एकटा जमणार.

फोन वाजला. 'उचलू नये'.

उचलला. मला वाटलं तू असशील. तू नव्हतीस. भरमू होता. पलीकडं तुमच्या भांड्यांचा आवाज येत होता, पंचमीला उद्या कापायचं-चिरायचं नाही म्हणून आजच सगळं उरकत असाल. म्हणाला, "मेन स्विच पाडलास काय रं?"

"पाडला," मी म्हटलं.

"आन् नदीवरचा स्टार्टर?"

"तो सकाळीच काढला."

"बरं. आईची वाकळ हितंच हाय. वर. सांगून ठिवतो."

वाकळेचं त्याला कुणी सांगितलं? मी तुझ्याशिवाय कुणाला लिहिलेलं नव्हतं. हेही नंतर विचारीन. त्याच्याशी पाच वर्षांनी एवढंच बोलणं झालं. तुझं नाव त्यानं काढलं नाही, मीही काढलं नाही. फोन ठेवल्यावर ड्रममधली पाण्याची एक बाटली उघडून प्यायलो. ती परत भरायची आहे, आठवण कर.

हे पत्र गुणाबाईकडं देत नाही, तिची म्हैस वर न्यायची घाई चालली आहे. मीच घेऊन येतो. ओट्यापर्यंत. डबाही द्यायचाय. ड्रम आणि पेटी दोन्ही घेऊन ती चढण माझ्यानं एका दमात होणार नाही, लिंबाखाली थांबेन.

दार लावलेलं असलं तर हे पत्र फटीतून आत सरकवीन, हाक मारणार नाही. कुणाच्या नावानं मारायची हे माझं अजून ठरलेलं नाही. शिट्टी वाजवीन. लांब तीन. ती ऐकली की सगळे बाहेर या, आईला धरून. खोटं खोटं पळत आलात तरी चालेल.

नागेंद्र